विरोधी बाकावरून मजूरखात्यात

मुंबई विधानसभेच्या इतिवृत्तात १५ सप्टेंबर १९३८ चे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण आहे. ते स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते, विरोधी बाकावर. समोर काँग्रेस मंत्रिमंडळाचे औद्योगिक तंट्यांचे विधेयक. संप हा फार तर नोकरीच्या कराराचा भंग ठरेल. त्यासाठी कामगाराला तुरुंगात धाडणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद. हा भाग सगळे सांगतात. त्याच विधेयकातल्या युनियनच्या मान्यतेबद्दल त्यांनी काय म्हटले, ते क्वचितच वाचले जाते. मालकाने मान्य केलेल्या युनियनला नोंदणी सोपी, इतरांना अटी कडक. म्हणजे कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे, हे मालकच ठरवणार! बाबासाहेबांनी यावर कडाडून हल्ला चढवला. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तरी कायदा झालाच.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. इथून कागद अडचणीत टाकतात. महायुद्ध चालू होते. पूर्वसूचनेशिवाय संपाला बंदी घालणारे, तंटा सक्तीने लवादाकडे नेणारे भारत संरक्षण नियम आता त्यांच्याच खात्याकडे होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नाझींचा पराभव ही कामगारांचीच गरज आहे, हे त्यांचे म्हणणे त्या काळातल्या रेडिओभाषणात स्पष्ट दिसते. कोळशाच्या टंचाईमुळे सरकारने स्त्रियांच्या खाणीतल्या कामावरची बंदीही उठवली. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब झरियाच्या खाणीत स्वतः उतरले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यांनी या निर्णयाचे समर्थन केले. मात्र स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व त्यांनी तिथेच ठासून मांडले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

संपाच्या बाबतीत त्यांनी युद्धापुरती माघार घेतली, असे मला वाटते. मान्यतेच्या बाबतीत तसूभरही नाही. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनीच ट्रेड युनियन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक आणि नाकारली तर शिक्षा! मुंबईत १९३८ मध्ये घेतलेला आक्षेप आता सरकारी विधेयकाच्या कलमांत उतरला होता. पण ते लोकमतासाठी फिरवण्यात आले आणि रेंगाळले. दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, तेव्हा बाबासाहेब मजूरखात्यात नव्हते. ती अमलात आणण्याची तारीख सरकारने कधीच जाहीर केली नाही.