एकच जंतू, पण कुणाला एक चट्टा तर कुणाच्या अंगभर. असं का होतं?

धर्मापुरी (जि. बीड) : एका घरात राहणारे दोन भाऊ. थोरल्याच्या पाठीवर एकच फिकट, बधिर चट्टा. धाकट्याच्या अंगभर चट्टे, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. दोघांनाही कुष्ठरोगच, जंतूही तोच. मग हा फरक कशामुळे? आपल्याकडं याचं उत्तर लगेच नशिबावर किंवा मागच्या जन्मावर ढकललं जातं. खरं उत्तर रक्तातल्या पेशींमध्ये आहे.

रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या अंगावर बारीक खुंट्यांसारखे रिसेप्टर असतात. जंतूचा तुकडा, म्हणजे प्रतिजन, त्यात बसला की पेशीच्या आत निरोप जातो. तो निरोप कसा जातो, यावर पुढचं सगळं ठरतं. काही वेळा टी पेशी जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवतात आणि आतला जंतू मारला जातो. तेव्हा चट्टे थोडेच राहतात. काही वेळा मात्र नुसत्या अँटीबॉडी भरपूर तयार होतात. कुष्ठरोगाचा जंतू पेशीच्या आत दडून बसतो, अँटीबॉडी तिथं पोचत नाहीत, आणि तो वाढत जातो. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला पुरून उरते, त्यांना हा आजार होतच नाही.

यातलं एक महत्त्वाचं कोडं आपल्या पुण्यातच उलगडलं. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या भास्कर साहा आणि सहकाऱ्यांनी 2004 साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात उंदरांवरचं संशोधन छापलं. जंतू होता लिशमानिया. काळा आजार याच कुळातल्या जंतूमुळं होतो. भक्षक पेशीवर सीडी-40 नावाचा रिसेप्टर असतो. त्याला जोरात चेतवलं तर पेशी आयएल-12 हे रसायन सोडते आणि जंतूवर हल्ला होतो. हळू चेतवलं तर आयएल-10 सुटतं, म्हणजे ‘शांत बसा’ असा निरोप. लाइटचा दाब कमी असला की मोटार नुसती गुणगुणते, पाणी फेकत नाही, हे आपण रोज बघतो. इथं त्याहून वाईट. कमी दाबावर जणू मोटार उलटी फिरते. जंतूही असा लबाड की पेशीतला निरोप तो शांततेच्या वाटेला वळवतो. संशोधकांनी औषधानं ती वाट बदलली, तेव्हा उंदरांमधला रोग कमी झाला. कुष्ठरोगातही याच दोन रसायनांची ओढाताण दिसते.

आता कामाचं. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने गोळ्या असतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. गोळ्यांनी लघवी तांबूस होते, काहींची कातडी काळवंडते. घाबरायचं कारण नाही. पण उपचार चालू असताना जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराजवळची शीर दुखू लागली, हातापायातली ताकद कमी झाली, तर लोक म्हणतात, ‘गोळ्या उलटल्या,’ आणि घरातूनच औषध बंद करतात. हाच मोठा घात. ही ‘रिअ‍ॅक्शन’ असते. जंतूच्या तुकड्यांवर पेशी एकदम चवताळून उठतात आणि त्या मारामारीत शिरेला इजा होते. त्यासाठी डॉक्टर वेगळ्या गोळ्या देतात, त्या वेळेवर सुरू झाल्या तर हात वाकडा होण्यापासून वाचतो. मूळ गोळ्या चालूच ठेवायच्या.

चट्टा तपासायला खर्च नाही. डोळे मिटून पिसानं किंवा कापसानं स्पर्श करून बघा. कळला नाही तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आशाताईंना सांगा. पुढची गरज लागली तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. रुग्णासोबत घरातल्यांचीही तपासणी करून घ्या. डॉक्टरांना योग्य वाटलं तर त्यांना खबरदारी म्हणून औषधाचा एकच डोस देतात.