पाटा, गुंडाळी आणि काळी माती

आमच्या परभणीकडे जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस इंजिन नंतर बघतो, आधी वाकून पाटे बघतो. किती पाटे आहेत, एखादा तुटलाय का, मागून एखादा वाढवलाय का. त्यावरून आधीच्या मालकानं गाडीत काय काय कोंबलं असेल याची कुंडलीच निघते म्हणा ना. पण गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग असली की हा माणूस जरा गोंधळतो. तिथे मोजायला काही नसतं. गुंडाळलेली एक काळी सळई दिसते आणि ती काही बोलत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा आतेभाऊ. त्याच्याकडे एक पिकअप आहे, पुढे कॉइल आणि मागे पाटे असलेली. दिवाळीच्या आसपास कापूस, त्याआधी सोयाबीन, एरवी जे मिळेल ते भाडं. घर त्याच गाडीवर चालतं. मध्यंतरी त्यानं विचारलं, "पुढून गाडी बसायलीय रे. ओढ्यात उतरलं की खट्ट करून टेकायलीय. कडक स्प्रिंगा टाकाव्या म्हणतोय. किती कडक टाकू?" मी काही मोटारीतला तज्ज्ञ नाही, पण प्रश्न डोक्यात घुसला तो घुसलाच. तो सोडवता सोडवता मी बराच मागे गेलो. तेच इथे लिहितोय.

मागे म्हणजे थेट बैलगाडीपर्यंत. आपल्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हतीच. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे कणा. रस्त्याचा प्रत्येक दगड थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. पण गाडी चालायची बैलाच्या पावलानं आणि त्या वेगात हे चालून जायचं. स्प्रिंगची गरज वजनामुळे लागते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती जास्त करून वेगामुळे लागते. टांग्याला पाट्यांच्या कमानी आल्या त्या घोडा पळायचा म्हणून.

स्प्रिंगमागचं शास्त्र मात्र टांग्यापेक्षा जुनं आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं आपला नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, कारण श्रेय दुसऱ्यानं पळवू नये. १६७८ मध्ये त्यानं स्वतःच ते कोडं सोडवून दाखवलं. नियम सोपा आहे. जितकं वजन वाढवाल तितक्याच पटीत स्प्रिंग दबेल. शंभर किलोला दोन सेंटिमीटर दबली तर दोनशेला चार. साडेतीनशे वर्षं झाली, पण आतेभावाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर अजून त्यातच आहे.

आता मराठवाड्यात मोटारी आल्या त्या पाट्यांवर. निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा १९३२ मध्ये सुरू झाली, २७ गाड्यांनिशी. पुढे १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, १९५४ पासून टाटांचे मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं बनलेले ट्रक आले. जीप काय, ट्रक काय, चारी चाकांना पाटेच. आणि आमच्या मुलखाला पाटा मानवला. कारण पाटा हा दुरुस्त होणारा, वाढवता येणारा प्रकार आहे. माल जास्त भरायचाय? एक पाटा वाढवा. तुटला? यू-बोल्ट सोडा, तेवढाच बदला. आणि पाटा निवृत्त झाला तरी वाया जात नाही, लोहाराच्या भट्टीत जाऊन त्याचा कोयता होतो. गंगाखेड-पाथरीकडच्या ऊसतोडीत चालणाऱ्या कोयत्यांतले काही कधीकाळी ट्रकखाली वाकत होते.

पाट्याचा आणखी एक गुण. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच थोडा धक्का जिरतो. शॉकअप गेलेला असला तरी पाट्याची गाडी कशीबशी चालते. कॉइलला हे घासणं नाही. शॉकअप नसेल तर कॉइलवरची गाडी नुसती झुलत राहते.

मग कॉइल आलीच का? याची गोष्ट मला फार आवडली. मॉरिस ऑली नावाचा एक इंग्रज इंजिनियर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तोवर मोटारींना पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा कडक ठेवायची पद्धत होती. पुढचा अख्खा कणा पाट्यांनीच जागेवर धरायचा, मग पाटे नरम ठेवून कसं चालेल? पण त्या गाड्या खड्ड्यावरून गेल्या की होडीसारख्या पुढेमागे डुलत. ऑलीनं १९३२ च्या सुमारास एका मोठ्या गाडीच्या पुढे आणि मागे हलवता येणारी वजनं लावली आणि ती रस्त्यावर चालवून पाहिली. निष्कर्ष उलटा निघाला. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा नरम हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभरानं. पुढचं सावकाश हललं आणि मागचं जरा चटकन, तर मागचं पुढच्याला गाठतं आणि गाडी डुलायच्या ऐवजी सपाट वरखाली होऊन शांत होते. हे साधायला पुढची दोन चाकं स्वतंत्र करून त्यांना नरम कॉइल देणं सोयीचं होतं. जनरल मोटर्सनं १९३४ च्या कॅडिलॅक, ब्यूकसारख्या गाड्यांना ते दिलं.

आपल्याकडे फियाट ११००, म्हणजे पुढे जिचं पद्मिनी असं बारसं झालं ती, पुढे कॉइल आणि मागे पाटे घेऊन फिरत होती. २००० मध्ये आलेल्या बोलेरोलाही तीच मांडणी होती. म्हणजे पुढे कडक स्प्रिंग टाकायची म्हणजे ऑलीनं जे सोडवलं ते पुन्हा बांधायचं, असा त्याचा अर्थ होतो. तसं करायला हरकत नाही, पण कारण हवं.

कारण शोधायला आम्ही हिशेब मांडला. समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे. हौद्यात एक टन कापूस भरला आणि त्याचा मध्य मागच्या कण्याच्या तीस सेंटिमीटर पुढे आला. तर पुढच्या चाकांवर भार येतो फक्त शंभर किलो. उरलेले नऊशे मागे. पोती मागे लोंबत असतील तर पुढचा भार उलट कमी होतो! आता समोर लावलेलं लोखंडी गार्ड बघा. साठ किलोचं गार्ड कण्याच्या पाऊण मीटर पुढे टांगलं, तर पुढच्या चाकांवर पंचाहत्तर किलो येतात. टनभर कापूस शंभर आणि शोभेचं लोखंड पंचाहत्तर. हा आकडा ऐकून आतेभाऊ फोनवर थोडा वेळ गप्प होता. (अशा गार्डांवर कारवाई करा असं केंद्रानं राज्यांना २०१७ च्या डिसेंबरात कळवलं होतं, पण गावात ते अजून रुबाबाचं लेणं आहे.)

दुसरी गोष्ट कडकपणाची. कॉइलचा कडकपणा सळईच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. चौदा मिलिमीटरची सळई पंधराची केली, म्हणजे डोळ्याला फरकही कळणार नाही, तर स्प्रिंग जवळजवळ बत्तीस टक्के कडक होते. म्हणून "थोडी जाड टाकू" हे वाक्य धोक्याचं. वेटोळी कमी केली तरी कडकपणा वाढतो. आठ कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर चौदा टक्के. पण त्यात गाडी आणखी खाली बसते, म्हणजे दुखणं तेच, वर औषधानं वाढलेलं. शिवाय स्प्रिंग आडव्या दांड्याच्या मध्यावर बसलेली असेल तर तिच्या कडकपणाचा चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा म्हणूनच आपल्या गाडीला चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुनी स्प्रिंग बसते म्हणजे ती नरम होते असं नाही. तिची उंची कमी होते, कडकपणा जवळपास तोच राहतो. उंची कमी झाली की चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि ओढ्यात गाडी रबरी ठोकळ्यावर आपटते. आतेभावाचा खट्ट तो हाच. म्हणजे त्याचा प्रश्न कडकपणाचा आहे की उंचीचा, हे आधी ठरवायला हवं होतं.

त्यासाठी दोनच गोष्टी लागल्या. एक टेप आणि एक जिनिंगचा वजनकाटा. गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजायचं, डावं आणि उजवं वेगळं. मग काट्यावर फक्त पुढची चाकं चढवायची, रिकामी आणि भरलेली. भरल्यावर पुढचं वजन फारसं वाढत नव्हतं. पण रिकामी असतानाच उजवी बाजू डावीपेक्षा खाली होती. साहजिक आहे, चालवणारा एकटा उजवीकडेच बसतो, वर्षानुवर्षं. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला डावीकडची पुढची कमान मुद्दाम उजवीपेक्षा कडक दिलेली होती, कारण चालक आणि त्याच्या सीटखालची तेलाची टाकी दोन्ही डावीकडे! कडक स्प्रिंग कुठे हवी याचं उत्तर तेव्हाही वजन कुठे आहे यावरूनच निघालं होतं.

एवढं झाल्यावरही आतेभाऊ लगेच पटला नाही. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. तो म्हणाला, "तुमचा साहेब डांबरी रस्त्यावर गाडी चालवायचा. आमच्या काळ्या मातीवर ये म्हणावं त्याला." खरंय. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, वरचा रस्ता तिच्याबरोबर लाटा घेतो. कल्याण-निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणी असा जातो, पण माल त्या महामार्गावर पिकत नाही. तो आतल्या शिवाररस्त्यांवरून बाहेर येतो. पण लाटांच्या रस्त्यावर कडक स्प्रिंगनं चाक जमिनीवर राहायच्या ऐवजी उडतं. उडालेलं चाक वळतही नाही आणि ब्रेकही धरत नाही. उरतो तो जास्त माल भरायचा मोह. स्प्रिंग बदलता येते, पण आरसी बुकातलं वजन त्यानं वाढत नाही. ब्रेक, टायर, बेअरिंग, कणा सगळं जुन्याच हिशेबाचं राहतं. पाटे वाढवायच्या सवयीनं आपण हे फार वर्षं विसरून गेलोय.

यात आणखी एक माणूस आहे. आत्या. महिन्यातून दोनदा ती कंबर दाखवायला परभणीला जाते, त्याच पिकअपच्या मधल्या सीटवर बसून. स्प्रिंग कडक झाली तर तिचा हप्ता आत्याची कंबर भरणार होती. हे मी बोललो नाही. आतेभावानंच काढलं.

शेवटी ठरलं ते असं. आधी गार्ड उतरवायचं. दोन्ही स्प्रिंगा जोडीनं बदलायच्या, पण मूळ नंबरच्याच. सोबत नवे शॉकअप आणि नवे रबरी ठोकळे. गाडी दोन्ही बाजूंनी वर आली, ओढ्यातला खट्ट गेला. गार्ड गोठ्यामागे पडलंय, त्याचं फाटक करायचा विचार चाललाय. आत्याला विचारलं तर म्हणाली, "आता निदान देवाचं नाव तरी घेता येतंय मधी मधी."

कुणाला आपल्या गाडीचं असंच काही ठरवायचं असेल तर एवढंच सांगेन. स्प्रिंगेच्या दुकानात जायच्या आधी वजनकाट्यावर जा. काट्याचे पैसे नव्या स्प्रिंगेच्या मानानं किरकोळ असतात.