तळटीप : कांचनजंगा

७. कांचनजंगा : मुंबईत कंबाला हिलवरची २८ मजली निवासी इमारत, बांधकाम १९८३ मध्ये पूर्ण. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची, सोबत प्रवीणा मेहता. संरचना-अभियंते शिरीष पटेल. चौरस आराखड्याची बाजू २१ मीटर, उंची ८४, म्हणजे बरोबर चौपट. घरे मात्र ३२च.

मूळ मजकुरात हिच्या ‘रिकाम्या कोपऱ्यांचा’ उल्लेख आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. मुंबईत समुद्राचे दृश्य आणि वारा पश्चिमेकडून मिळतो. तिसऱ्या प्रहराचे ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुने बंगले खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून यातून वाट काढत. कोरियांनी तोच व्हरांडा उंचावर नेला. कोपऱ्यांत कोरलेल्या दोन मजली उंचीच्या गच्च्या आतल्या खोल्यांना ऊन-पावसापासून राखतात, आणि पूर्व-पश्चिम पसरलेल्या घरांतून वारा आरपार खेळतो. हे कोपरे शोभेचे नव्हेत. सगळी रचना त्यांच्यावर बेतली आहे.

ही घरे श्रीमंतांची, हे खरे. पण कोरियांनी त्याच दशकात नवी मुंबईत बेलापूरला साध्या, ठेंगण्या घरांची वसाहतही रचली. वाचकांनी दोन्ही एकत्र पाहावीत.
— संपादक