दहा जागांची गोष्ट

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले आणि त्याचा कारभार फेलोंच्या सिनेटकडे सोपविण्यात आला. हे फेलो सरकार नेमी आणि नेमणूक तहहयात असे. प्रतिनिधित्व म्हणावे असे त्या रचनेत काही नव्हते. तरीही या नेमलेल्यांच्या सभेत लोकांचे गाऱ्हाणे बोलले गेले, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

मराठीचेच उदाहरण घ्या. १८६० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषांना रजा मिळाली व संस्कृतासारख्या अभिजात भाषा त्यांच्या जागी बसल्या. त्यांना परत आणण्याचा ध्यास न्यायमूर्ती रानडे यांनी घेतला. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनी जे टिपण लिहिले, त्यातही हीच तळमळ दिसते. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले आणि त्याच वर्षी एम. ए.च्या अभ्यासक्रमात मराठीला प्रवेश मिळाला. यश त्यांना पाहता आले नाही.

पुढे लॉर्ड कर्झन आले. सिनेटे फुगली आहेत, फेलोशिप मानाच्या बिरुदासारखी वाटली जाते, हा त्यांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण औषध रोगाहून कडू निघाले. १९०४ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील सिनेटांना शंभर सभासदांची मर्यादा घातली. त्यांतले दहा पदवीधरांनी व दहा विद्याशाखांनी निवडायचे. बाकीचे कुलपतींनी नेमायचे. निवडणुकीचे तत्त्व कायद्यात आले, पण सत्ता सरकारच्याच मुठीत राहिली. गोखल्यांनी कायदेमंडळात कडाडून विरोध केला. सरकारी बहुमतापुढे तो टिकला नाही.

मात्र याच कायद्याखालच्या कलकत्त्याच्या सिनेटने १९२२ साली, आशुतोष मुखर्जींच्या नेतृत्वाखाली, अटी घालून देऊ केलेले सरकारी अनुदान नाकारले. विद्यापीठ पैशाच्या अडचणीत असताना नाकारले, हे विशेष. नेमलेली माणसेही ताठ उभी राहिली, कारण नकार देण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात सिनेटला अधिसभा म्हटले आहे. अध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक यांचे प्रतिनिधी तीत असतात. नोंदणीकृत पदवीधरांचे निवडलेले प्रतिनिधी मात्र दहाच, कर्झनच्या हिशेबाइतकेच! अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते आणि अभ्यासक्रमांविषयी समाजाचे म्हणणे तिने विद्यापीठाला कळवावे अशी अपेक्षा आहे. रोजचा कारभार व्यवस्थापन परिषद पाहते.

म्हणून केवळ जागा मोजून प्रतिनिधित्वाची परीक्षा होत नाही, असे मला वाटते. दहांचे वीस झाले, तरी ज्या सभेला फक्त म्हणणे कळवायचे आहे, तिच्या म्हणण्याची वाट कोण पाहणार? आणि नकाराचा अधिकार हाती असूनही जो प्रतिनिधी अंदाजपत्रक न वाचताच हात वर करतो, त्याला निवडून तरी काय साधले? रानड्यांना कोणी मते देऊन पाठविले नव्हते. तरी त्यांनी ज्यांचे काम केले, त्यांत आज हे मराठी पान वाचणारे तुम्ही-आम्हीही आहोत.