डेला मे
डेला मे हा ब्लूग्रास शैलीत प्रामुख्याने स्वरचित गीते सादर करणारा अमेरिकेतील स्त्रियांचा संगीतसमूह आहे. व्हायोलिनवादक किंबर लुडिकर यांनी इ.स. २००९ मध्ये बॉस्टन येथे त्याची स्थापना केली. सेलिया वुडस्मिथ या प्रमुख गायिका व गीतकार आहेत.

बँजो, मँडोलिन, व्हायोलिन आदी तंतुवाद्यांवर आधारलेल्या या शैलीत दीर्घकाळ पुरुषांचे वर्चस्व होते. ऑस्बोर्न ब्रदर्स यांच्या 'बिग स्पाइक हॅमर' या गीतात घण चालवणारा कामगार जिला साद घालतो, त्या स्त्रीचेच नाव समूहाने धारण केले.

इ.स. २०१२ मध्ये अमेरिकी शासनाच्या सांस्कृतिक उपक्रमांतर्गत समूहाने पाकिस्तान व मध्य आशियाचा दौरा केला. 'धिस वर्ल्ड ऑफ्ट कॅन बी' (२०१३) या गीतसंग्रहास ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.