तळ्यातल्या बर्फाचा सागरप्रवास

धरमपेठेनजीकचे फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव गोठल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, पण पाणी गोठण्यास तेवढी थंडीही पुरेशी नव्हती. उन्हाळ्यात मात्र पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बर्फाला मोल येते. बर्फाचे कारखाने नव्हते, तेव्हा उष्ण प्रदेशातील माणसांना बर्फ कोठून मिळत असे? मुंबईपुरते याचे उत्तर थक्क करणारे आहे. तो अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून जहाजाने येत असे.

या व्यापाराचा जनक बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर (१७८३-१८६४). त्याने १८०६ साली मार्टिनिक बेटावर बर्फाची पहिली खेप पाठवली, तेव्हा त्याची थट्टा झाली आणि तोटाही झाला. तरीही त्याने चिकाटी सोडली नाही. मे १८३३ मध्ये 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याकडे निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून सुमारे चार महिन्यांनी ते पोहोचले, तेव्हा जवळजवळ १०० टन बर्फ शिल्लक होता.

बर्फाची कापणी

तळ्यावरील थर फूटभर किंवा त्याहून जाड झाला की काम सुरू होई. प्रथम वरचे भुसभुशीत हिम खरवडून काढले जाई. नंतर घोड्यांनी ओढलेल्या दातेरी नांगराने पृष्ठभागावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखीत. हे अवजार नॅथॅनिएल वायथ याने १८२५ च्या सुमारास तयार केले. त्यामुळे लाद्या एकसारख्या आकाराच्या निघू लागल्या आणि एकमेकींना घट्ट चिकटवून रचता येऊ लागल्या. पहारी व करवतींनी सुट्या केलेल्या लाद्या पाण्यातील वाटेने तरंगत काठावरच्या बर्फघरापर्यंत नेल्या जात.

बर्फ टिकण्यामागे साधे विज्ञान होते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. लाद्यांची रास जितकी मोठी, तितका तिचा उघडा भाग तुलनेने कमी. भोवती लाकडाचा भुसा भरला, वितळलेले पाणी वेळीच काढून टाकले, की उष्णतेचा शिरकाव मंदावतो. लाकडाच्या गिरण्यांतील टाकाऊ भुशालाही त्यामुळे किंमत आली.

मुंबईचे बर्फघर

मुंबईत हा बर्फ १८३४ च्या सुमारास आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गमतीदार हकिकत मुंबईच्या इतिहासग्रंथांत आढळते. १८४३ साली गोदीजवळ, ग्रेट वेस्टर्न बिल्डिंगसमोर, नागरिकांच्या वर्गणीतून बर्फघर उभे राहिले. मेजवान्यांखेरीज तापाच्या रुग्णांसाठीही बर्फ वापरला जाई. जहाज लांबले, की शहराची पंचाईत होई.

देशी बर्फ नव्हताच असे नाही. अलाहाबादसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या निरभ्र रात्री खड्ड्यांत गवत अंथरून त्यावर उथळ मातीची भांडी पाण्याने भरून ठेवीत. आकाशाकडे उष्णता निघून गेल्याने पहाटेपर्यंत पातळ बर्फ जमे. पण तो थोडा आणि गढूळ असे.

नागपुरात रेल्वे १८६७ साली पोहोचली, तेव्हा या व्यापाराचे दिवस भरत आले होते. १८७८ मध्ये कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी स्थापन झाली आणि काही वर्षांतच अमेरिकी बर्फाची आयात थांबली. मुंबईचे बर्फघर पुढे पाडले गेले. त्या जागी आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. चेन्नईचे बर्फघर मात्र टिकले. १८९७ साली परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते आणि आज ती वास्तू 'विवेकानंदर इल्लम' म्हणून ओळखली जाते.

तळ्यांतला बर्फ गेला, पण तो जपण्याची रीत उरली आहे. भर उन्हात बर्फाच्या लादीवर गोणपाट आणि भुसा टाकणारा विक्रेता तेच तत्त्व आजही पाळतो.