एकाच मापाचीं अक्षरें

टाइपरायटरची खडखड आतां बहुतेक कचेऱ्यांतून लोपली आहे. त्याचें अक्षर मात्र लोपलें नाहीं. यंत्र मागें पडलें आणि त्याचें वळण पुढें चालत आलें. असें कां झालें, तें आज पाहूं.

छापखान्यांतील खिळे एका रुंदीचे नसतात. इंग्रजी 'आय्'ला थोडी जागा पुरते, 'एम्'ला पुष्कळ लागते. मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनीं १८६८ सालीं टंकलेखन यंत्राचें पेटंट घेतलें, आणि १८७४ मध्यें रेमिंग्टन कारखान्याचें यंत्र बाजारांत आलें. त्यांत प्रत्येक कळीसरशी कागद वाहणारा गाडा दांत्यांच्या चाकामुळें नेमका एक घर सरके. उमटलेलें अक्षर कृश आहे कीं स्थूल, हें त्या चाकाला कसें कळावें? म्हणून 'आय्'ला डोक्याशीं व पायाशीं आडव्या पट्ट्या जोडून भरदार करावें लागलें, आणि 'एम्'ला अंग चोरून बसावें लागलें. इंचांत दहा अक्षरें, वळण लहान असल्यास बारा, असा हिशेब रूढ झाला.

सौंदर्यदृष्ट्या हें वैगुण्यच होय. परंतु त्यामुळें आंकड्यांचे रकाने आपोआप एकाखालीं एक येत, आणि चुकलेलें अक्षर खोडून त्याच जागीं दुसरें अचूक बसे.

१९५५ च्या सुमारास हॉवर्ड केटलर यानें आय्. बी. एम्. कंपनीसाठीं 'कूरियर' हें वळण रेखिलें. प्रथम 'मेसेंजर' हें नांव योजिलें होतें. पण साध्या निरोप्याहून खलिता नेणाऱ्या मानकरी जासुदाची प्रतिष्ठा त्याला अधिक रुचली. कंपनीनें या वळणावर एकटीचा हक्क राखला नाहीं, म्हणून तें इतर यंत्रांवरहि पसरलें. पुढें संगणक आले. आज्ञावली लिहिणारांना प्रत्येक चिन्ह आपल्या घरांत स्पष्ट दिसणें अगत्याचें वाटलें, आणि समान रुंदी टिकली. अमेरिकन चित्रपटांच्या पटकथा आजहि बारा पॉइंटांच्या कूरियरमध्यें, म्हणजे इंचांत त्याच जुन्या दहा अक्षरांच्या मापानें, लिहितात. एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारें एक मिनिट, असा त्यांचा ठोकताळा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें या घराण्यांतील वळण सोडलें तें २००४ सालीं.

आतां ग्रंथांच्या वेष्टनांवर व भित्तिपत्रकांवर चित्रकार हें अक्षर मुद्दाम योजितात. तें दिसतांच गुप्त दप्तर, पोलिसांचा जबाब, लेखकाचें कच्चें हस्तलिखित डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या अक्षरांत शेंपन्नास वर्षें करारनामे व हुकूम उमटले, त्याला कागदपत्राची पत आपोआप लाभली आहे.

येथेंच, श्रोतेहो, थोडें सावध असावें. रकाना जुळवावयाचा असेल, चिन्ह मोजावयाचें असेल, तेथें हें अक्षर आपलें मूळचें काम करितें. जेथें केवळ खरेपणाचा भास हवा असतो, तेथें तें उसना अंगरखा होतें. अक्षराचा साधेपणा ही मजकुराच्या सत्याची साक्ष नव्हे. ती साक्ष मजकुरानेंच दिली पाहिजे.